पटाशेजारच्या ताई

"थांबा, गाडी जाऊ द्या."

हे वाक्य मी ताईंच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. समोरचा माणूस बेळगावहून बोलत असो की बेंगळुरूहून, ऐन रंगात आलेला असो की अडखळत असो, बेगडेवाडी स्टेशनात लोकल शिरू लागली की ताई हात वर करायच्या. तो हात समोरच्याला दिसायचा नाही, कारण मुलाखत फोनवरून चाललेली असायची. तरी त्या करायच्याच. मग डोळे मिटून, गाडी येऊन, थांबून, पुन्हा सुटेपर्यंत गप्प बसून राहायच्या. शेवटचा डबा गेला की डोळे उघडायच्या. "हं. बोला आता."

गंमत म्हणजे गाडी गेल्यावर माणूस वेगळंच बोलायचा. तेवढ्या वेळात त्याला कुणी काही विचारत नसे, त्यालाही काही बोलता येत नसे, आणि ठरवून आणलेलं उत्तर विरून जायचं. एकाने गाडी येण्याआधी आपल्या खेळात डावपेच आणि नशीब यांचा समतोल कसा साधलाय ते मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. गाडी गेली आणि तो म्हणाला, "खरं सांगू का ताई, वडील दवाखान्यात होते. बाहेरच्या बाकावर बसून काढलाय हा खेळ. वेळच जात नव्हता."

आवाजाची काटछाट माझ्याकडे होती. सुरुवातीला मी प्रत्येक गाडी कापून टाकायचो. एकदा घाईत एक राहून गेली, तर ऐकणाऱ्यांनी कळवलं की गाडी छान वाटते, असू द्या. ताईंना एवढा आनंद झाला की जणू रेल्वेच त्यांच्या घरची होती.

हे सगळं ज्याच्यासाठी चालायचं तो कार्यक्रम म्हणजे 'पटाशेजारी' नावाचा एक पॉडकास्ट. पट मांडून, सोंगट्या, पत्ते, फासे घेऊन चारचौघांनी टेबलाभोवती बसून खेळायचे नवे खेळ काही माणसं स्वतःच्या डोक्यातून काढतात. त्या माणसांना ताई बोलतं करायच्या. अशी माणसं असतात हेच आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. तुम्ही सापशिडी खेळला असाल, पण ती शिडी नेमकी तिथेच कुणी ठेवली, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? ताईंना पडायचा.

आंबीला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी संगणकावर खोक्यांची ड्रॉइंग काढतो. ताई नमुने करायच्या. साबण, औषध, मिठाई, काहीही असो, गिऱ्हाइकाला दाखवायचं पहिलं खोकं त्या हाताने कापायच्या, दुमडायच्या, चिकटवायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा. लग्न केलं नव्हतं. मूळ घर पवना धरणाच्या बाजूच्या एका गावात, तिथे थोरले भाऊ आणि वहिनी भातशेती करायचे. ताई नोकरीसाठी म्हणून बाहेर पडल्या आणि बेगडेवाडी स्टेशनामागे दोन खोल्या घेऊन राहिल्या. कारखान्यात मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणायचे.

एक दिवस पुण्याचा एक मुलगा आला. स्वतःच्या खेळासाठी त्याला थोडीच खोकी हवी होती. मालकांनी ताईंकडे पाठवलं. तो म्हणाला, "झाकण असं पाहिजे की सोडलं तर आपोआप खाली बसावं, पण सावकाश. हवा सोडत सोडत." दुसऱ्या कुणीही त्याला वेड्यात काढलं असतं. ताईंनी दोन दिवस नुसतं झाकण कमीजास्त केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर झाकण टेकवून सोडलं. ते उसासा टाकल्यासारखं खाली बसलं. मुलगा एवढा खूश झाला की त्याने खेळ तिथेच उघडला आणि ताईंना शिकवला. जेवणाची सुट्टी संपली तरी दोघं उठेनात.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "अवि, तो मुलगा चार वर्षं तो खेळ करतोय. चार वर्षं! आणि त्याला एकानेही विचारलं नाही की का करतोस."

"मग तुम्ही विचारलंत?"

"विचारलं की. बसला सांगत. जेवलो नाही दोघंही."

महिनाभरात पॉडकास्ट सुरू झाला. माईक माझा, खोली ताईंची. खिडक्यांना गोधड्या बांधायच्या, पंखा बंद करायचा, शेजारच्या काकूंना कुकर लावू नका म्हणून सांगून यायचं. हातातल्या बांगड्या काढून ताई उशीखाली ठेवायच्या, नाहीतर त्या वाजायच्या. उन्हाळ्यात त्या गोधड्यांच्या आत आम्ही अक्षरशः शिजायचो. ताईंचं हिंदी असं की कर्नाटकातला पाहुणाही गोंधळून जायचा. एकाला त्यांनी विचारलं, "आपका खेळ खेळके लोग कंटाळते है क्या?" तो बिचारा बराच वेळ कंटाळणे या शब्दाचा अर्थ शोधत राहिला आणि शेवटी "जी हाँ, बहुत" म्हणाला. ताई खळखळून हसल्या. तो भाग मी कापला नाही.

मुलाखतीआधी पाहुण्याचा खेळ खेळून बघायचाच, हा त्यांचा नियम होता. खेळायला त्या, मी, माझी बायको आणि मिळेल तो चौथा. ताई सहसा हरायच्या. डावाकडे त्यांचं लक्ष नसायचंच. माझी बायको कोणत्या पत्त्याला भुवया चढवते, मी कुठे अडतो, हे त्या बघत राहायच्या आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारायच्या. "तुमच्या खेळात मधेच एक जागा अशी येते की माणसाला उठून पाणी प्यावंसं वाटतं. ते मुद्दाम केलंय का?" पाहुणा चकित व्हायचा. बहुतेक वेळा ते मुद्दाम केलेलं नसायचं.

भाऊ कधीमधी तांदळाचं पोतं घेऊन यायचे. गोधड्या लावलेली खोली बघून एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "ती आत बसून करती काय वो?"

"मुलाखती घेतात. लोक ऐकतात."

"फोनवर गप्पा मारती म्हना की." आणि जरा विचार करून म्हणाले, "बरं हाय. एकटी ऱ्हाती, बोलाया कुनीतरी पायजे."

ताईंनी ते आतून ऐकलं होतं. त्यांनी ते खोडून काढलं नाही.

वैशाली मॅडम त्यांच्या पाहुण्यांपैकी सगळ्यात जवळच्या, म्हणजे अंतरानेही. कामशेतच्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांनी मुलांसाठी म्हणून एक खेळ केला होता, 'सावड' नावाचा. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक भातखाचरं. पाणी वरून खाली येतं. प्रत्येकाकडे माणसं कमी, म्हणून एकमेकांच्या शेतात जाऊन लावणी करायची. त्यात एक विचित्र नियम होता. सगळ्यात वरचं शेत ज्याचं, त्याने आपली लावणी सगळ्यांच्या शेवटी करायची.

"असं का?" ताईंनी मुलाखतीत विचारलं. गाडी आली, गेली.

वैशाली मॅडम म्हणाल्या, "आमच्या वाडीत तसंच होतं. पाणी वरच्याच्या हातात. त्याने बांध अडवला तर खालचे संपले. म्हणून वरच्याने आधी खाली उतरायचं, सगळ्यांच्या चिखलात उभं राहायचं, मग आपल्या शेताला हात घालायचा. माझ्या आजीचं शेत सगळ्यात खाली होतं. ती विधवा होती. वरच्या घरचा माणूस पहिल्या दिवशी तिच्या बांधावर यायचा. तो आला की आजी सकाळपासून पहिल्यांदा बसायची."

तो भाग लोकांनी खूप ऐकला. कित्येकांनी खेळ कुठे मिळेल म्हणून विचारलं. तो कुठेच मिळत नव्हता. मॅडमकडे घरी रंगवलेला एकच पट होता.

वर्षभराने आमच्या कारखान्यात एक मोठी ऑर्डर आली. परराज्यातल्या एका खेळणी कंपनीचा नवा खेळ, सोन्याच्या खाणींवरचा. पट, पत्ते, खोकं, सगळं आमच्याकडे. खोक्यात सामान नीट बसतंय का ते बघायला त्यांनी एक संच पाठवला. ताईंनी सवयीप्रमाणे जेवणाच्या सुट्टीत तो मांडला. मी, ताई आणि डिस्पॅचचे दोघं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक खाणी. वरून पाणी सोडून सोनं धुवायचं. एकमेकांना मजूर द्यायचे.

तिसऱ्या फेरीत ताई थांबल्या. त्यांच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. "अवि, वरच्या खाणीवाला शेवटी."

मी पटाकडे बघितलं. सगळं तेच होतं, फक्त चिखलाच्या जागी सोनं होतं.

डिस्पॅचचे दोघं आमच्याकडे बघत राहिले. ताईंनी सगळं सामान ज्या त्या खाचेत परत ठेवलं, झाकण लावलं आणि कामाला लागल्या. बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या, बाहेर बघत. उतरताना फक्त म्हणाल्या, "मीच विचारलं होतं तिला. नियम न् नियम समजावून सांगा म्हणून. मीच."

दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मला सोबत नेलं. मालक भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, आपण खोकी करतो. आत काय भरतात ते आपलं नाही."

"साहेब, आतलंही आपणच छापतोय."

"बरं, तुमचं म्हणणं काय? ऑर्डर परत करू? तीन महिने मशीन निम्मी चालतायत, तुम्हाला माहितीये."

"नाही, तसं म्हणत नाही. खेळाची जाहिरात त्यांनी केलीच आहे, करणाऱ्या मुलाचं नावही त्यात आहे. मला त्या मुलाशी बोलायचंय. तुमच्याकडून काही कळलं असं नको व्हायला, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले."

मालक टेबलावरचं पेन फिरवत राहिले. "बोला," शेवटी म्हणाले. "पण कारखान्याचं नाव मधे आणू नका."

त्या मुलाचं नाव निखिल. ताईंनी त्याला मुलाखतीलाच बोलावलं. मला वाटलं होतं तो टाळेल. पण तो आनंदाने तयार झाला. मूळचा नाशिकचा, त्या कंपनीत वर्षभरापूर्वी लागलेला. रविवारी दुपारी आम्ही गोधड्या लावून बसलो. त्याचा आवाज आला, कोवळा, जरा घाबरलेला. "ताई, मी तुमचा पॉडकास्ट पहिल्यापासून ऐकतो. सगळे भाग."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "सगळे?"

"सगळे."

मी असतो तर तिथेच धरलं असतं. ताईंनी त्याला त्याचं लहानपण विचारलं. घरात कोण कोण खेळायचं ते विचारलं. त्याची आई भांडी घासून झाल्यावर ओल्या हातांनी पत्ते पिसायची, म्हणून त्यांच्या घरचा जोड कायम फुगलेला असायचा, असं काय काय तो सांगत होता. चांगलं सांगत होता. मग ताई खेळावर आल्या.

"वरच्या खाणीवाल्याने आपलं सोनं शेवटी काढायचं. ते का?"

"खेळ अटीतटीचा व्हावा म्हणून."

"ते झालं. पण त्या माणसाचं काय? मी त्याच्या जागी असते तर आधी माझं काढलं असतं. त्याने थांबायचं कशासाठी?"

आणि खरं सांगतो, मी काही जुळवून आणलं नव्हतं, पण तेवढ्यात लोकल आली.

"थांबा, गाडी जाऊ द्या," ताई म्हणाल्या.

गाडी आली. थांबली. सुटली. ताईंनी डोळे उघडले, पण या वेळी "बोला" म्हटलं नाही.

"ताई," तोच म्हणाला, "तुम्हाला माहितीये ना?"

"हो."

मग तो बोलायला लागला. दिवाळीच्या आत नवा खेळ द्या म्हणून साहेब मागे लागले होते. त्याला काही सुचत नव्हतं. वैशाली मॅडमचा भाग त्याने सकाळी बसमध्ये ऐकला. खोलीवर गेल्यावर नुसता बघू या म्हणून कागदावर मांडला. मग शेतांच्या खाणी केल्या. "मला वाटलं, बदलत बदलत माझा होईल."

"झाला का?"

"नाही. तो एक नियम काढला की सगळं पडायचं. आणि तो का आहे ते मला कुणालाच सांगता येत नव्हतं." तो रडत होता हे माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. "ताई, हे लावू नका. घरी मी एकटाच कमावतो."

ताईंनी मला खूण केली, बंद कर. मी बंद केलं. त्या फोनवर म्हणाल्या, "हे मी कुठे लावणार नाही. अवि आत्ता पुसून टाकतोय." मी मानेने नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुसलं. "पण निखिल, तो खेळ ज्यांचा आहे त्या कामशेतला राहतात. त्यांना मी सांगायचं की तुम्ही?"

त्याने फोन ठेवला.

मी भडकलो होतो. "ताई, आपल्याकडे तेवढाच पुरावा होता."

"पुरावा कशाला? तो कुठे नाही म्हणतोय?"

"उद्या म्हणेल."

"मग उद्या बघू." त्यांनी उशीखालच्या बांगड्या काढल्या आणि एकेक हातात चढवत राहिल्या. "अवि, लोक माझ्याशी बोलतात ते त्यांना पकडायला मी बसले नाहीये म्हणून. त्याला पकडलं, की मग पुढच्याने माझ्याशी का बोलावं?"

मला ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलंय असं नाही.

निखिलचं काही कळेना. आठवडा गेला आणि ताईंना राहवेना. आम्ही दोघं कामशेतला गेलो. वैशाली मॅडमनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"म्हणजे तुम्हाला आधी कळलं. मग तुमच्या मालकांना. मग त्या मुलाला विचारलंत. आणि मी शेवटी?"

ताईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"खेळ माझा आहे ना, ताई? माझ्या आजीचं शेत आहे ते. त्याला माफ करायचं की नाही हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. ते रेकॉर्डिंगही पुसलंत."

"हो," ताई म्हणाल्या. "चुकलं माझं. पहिल्यांदा तुमच्याकडे यायला हवं होतं."

वैशाली मॅडम आत निघून गेल्या. आम्ही बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसून होतो. त्या आल्या नाहीत, चहाही आला नाही. शेवटी आम्ही आवाज देऊन निघालो. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर ताई म्हणाल्या, "चहा दिला नाही ते बरं केलं. दिला असता तर मला वाटलं असतं, मिटलं." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या.

पुढचं आम्हाला वैशाली मॅडमकडूनच कळलं, ते सुद्धा पंधरवड्यानंतर. निखिल आला होता. ताईंना न कळवता, कंपनीच्या गावाहून थेट कामशेत, तिथून विचारत विचारत शाळेत. शाळा सुटेपर्यंत पटांगणाच्या कडेला उभा राहिला. त्याने कंपनीत सगळं सांगून टाकलं होतं. कंपनीने मॅडमना निरोप पाठवला, खोक्यावर तुमचंही नाव घालू, खेळ मात्र खाणींचाच राहील. मॅडमनी नकार दिला. "माझ्या आजीच्या शेतात सोनं निघत नव्हतं," एवढंच त्यांनी कळवलं. कंपनीने खेळ रद्द केला. निखिलने नोकरी सोडली, की त्याला सोडायला लावली, ते त्याने कुणालाच नीट सांगितलं नाही.

आणि आमची ऑर्डर गेली. कारखान्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ओव्हरटाइम बुडाला म्हणून काही जण ताईंशी बोलेनासे झाले. रोज ज्या चौघीजणी त्यांच्यासोबत डबा खायच्या, त्यातल्या दोघी दुसरीकडे बसू लागल्या. "त्यांचं बरोबर आहे," ताई म्हणायच्या. पण डबा अर्धा परत न्यायच्या.

मालकांनी त्यांना बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता संपलं. ताई बाहेर आल्या त्या काहीशा गोंधळलेल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढच्या वेळी जरा आधी सांगा, म्हणजे मी पुठ्ठा तरी मागवणार नाही." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आणि म्हणाले, आणलेला पुठ्ठा पडून आहे. उंदीर खातील. कुणाला लागत असेल तर न्या."

त्या पुठ्ठ्यातून 'सावड'ची खोकी झाली. सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या एका कोपऱ्यात ताई कापायच्या, मी चिकटवायचो. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी वैशाली मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात थर्मास होता. त्यांनी तिघांसाठी चहा ओतला आणि पाय दुमडून आमच्यात बसल्या. ताईंनी त्यांच्याकडे एक कापलेलं खोकं सरकवलं. "ही बाजू आत. बोटं सांभाळा, पुठ्ठा कापतो." बस, एवढंच बोलणं झालं. खोकी मोजकीच झाली. शाळांत गेली, काही मागवणाऱ्यांना गेली. प्रत्येकाचं झाकण सावकाश खाली बसायचं.

पॉडकास्ट त्यानंतरही चालू राहिला. ताई पाहुण्यांना आता आणखी एक गोष्ट सांगायच्या, मुलाखत सुरू होण्याआधी. "जे राखून ठेवायचं असेल ते मला सांगू नका. मी विचारलं तरी."

पोटात दुखतंय, जेवण जात नाही, असं त्या पावसाळ्यापासून म्हणत होत्या. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी भाऊंना बोलावून घेतलं. ताईंनी कारखाना सोडला आणि गावी राहायला गेल्या. तिथून एक मुलाखत घ्यायचा त्यांचा बेत होता. मी माईक घेऊन गेलोही होतो. त्या खाटेवर उठून बसल्या, पाहुण्याला नमस्कार केला, एक प्रश्न विचारला आणि मग मला म्हणाल्या, "अवि, आज तू विचार. मी ऐकते." मी कसेबसे चार प्रश्न विचारले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. अधूनमधून हसत होत्या.

थंडीत त्या गेल्या.

मी पॉडकास्टवर दोन वाक्यांत कळवलं. तेराव्याला गावी कार्यक्रम आहे, हेही का कोण जाणे, सांगून टाकलं.

तेराव्याच्या सकाळी कामशेतहून भाड्याची जीप करून निघायचं म्हणून मी स्टेशनबाहेर उभा होतो, वैशाली मॅडम सोबत होत्या. लोकल आली. उतरलेल्या माणसांतली काही जण तिथेच घुटमळली. बॅगा, पिशव्या, बावरलेले चेहरे. एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मग एकाने चहावाल्याला विचारलं, पवनेच्या बाजूला जायला गाडी कुठे मिळेल, आणि मी गर्रकन वळलो. तो आवाज मी तासन् तास ऐकला होता. त्याचे श्वास, त्याचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी हाताने कापले होते. दवाखान्याच्या बाकावर खेळ काढणारा तो हाच. मी पुढे होऊन त्याला नावाने हाक मारली. तो दचकला. मग दुसरा बोलला, तोही ओळखला. बेळगावहून मुलाखत दिलेल्या एक बाई. कर्नाटकातला तो 'कंटाळते' वाला, ज्याला इथलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेवटी एक किडकिडीत मुलगा मागे उभा राहिला, काही बोलेना. मी म्हटलं, "तुम्ही?"

"नमस्कार," तो एवढंच म्हणाला, आणि पुढचं नाव त्याला सांगावं लागलं नाही. वैशाली मॅडमनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि जीपकडे चालू लागल्या.

भाऊंच्या अंगणात गावची माणसं बसली होती. ही अनोळखी मंडळी आत शिरली तसं सगळे बघू लागले. भाऊ पुढे आले. "तुमी समदी कोन? कुटनं आलासा?"

कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी बेळगावच्या बाई म्हणाल्या, "आम्ही ताईंशी बोललेली माणसं."

जेवणं झाली. पाहुणे ओसरीवर दाटीवाटीने बसले होते. भाऊ माझ्याजवळ येऊन टेकले. डोळे सुजलेले होते. "अवि, आता मला नीट सांग. ही येवढ्या लांबून आली. माजी भन नक्की करायची काय?"

मी सांगू लागलो. खेळ म्हणजे काय, मुलाखत म्हणजे काय, लोक कुठे ऐकतात. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. भाऊ मान हलवत होते, पण कळत नव्हतं हे दिसत होतं. वैशाली मॅडमनी पिशवीतून खोकं काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भाऊंकडे. अशा दिवशी, अशा घरी, विचारायचं कसं?

भाऊंनीच ते खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "हे तिनं केलंय?"

"व्हय," वैशाली मॅडम म्हणाल्या. कामशेतच्या शाळेत त्या असं कधी बोलत नसाव्यात.

"मग सांगता काय? मांडा की."

"आज चालंल का, भाऊ?" गावातल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"तिच्याच हातचं हाय," भाऊ म्हणाले.

सतरंजीवर पट उघडला. निखिलने सोंगट्या वाटल्या. भाऊंनी पटावरची खाचरं निरखून बघितली, बोट ठेवून वरून खाली मोजत गेले, आणि एका जागी बोट तसंच ठेवून म्हणाले, "ह्यो बांध जरा तिरका काढलाय. पर असू दे." बेळगावच्या बाईंना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. पटाला चार बाजू होत्या. भाऊ, निखिल, वैशाली मॅडम. चौथ्या बाजूला कुणी बसेना.

भाऊंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, हिकडं ये. एक माणूस कमी पडतंय."

वहिनी खरकटे हात धुऊन, पदराला पुसत बाहेर आल्या. पटाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, काही विचारलं नाही. भिंतीला हात टेकवत हळूहळू खाली बसल्या, आणि निखिलने पुढे केलेली सोंगटी त्यांनी मुठीत घेतली.